आवाज कुठे हरवला?

एका शाळेतला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समजा, आठवीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला दिसत नाही. तरीही शाळेच्या संगणकावर ती इतरांसारखीच धडे वाचते, निबंध लिहिते. हे तिला कसे जमते? तिच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे आणि तिच्यात 'ऑर्का' नावाचा पडदा-वाचक आहे. पडद्यावर जो मजकूर उमटतो तो ऑर्का टिपतो आणि 'ईस्पीक' नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडून बोलून घेतो. ईस्पीकला मराठीही येते. मुलगी कळफलकावर बोटे चालवते, संगणक बोलतो आणि काम पुढे सरकते.

एके दिवशी सकाळी तिने संगणक सुरू केला, तर तो काही बोलेचना. आपल्याला वाटेल, आवाज नाही तर नाही, गाणी ऐकायची राहिली एवढेच! पण तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिचा तर सगळा पडदाच काळा झाला. आणि दुसऱ्या तासाला निबंध पुरा करून द्यायचा होता.

मग वर्गमित्र मदतीला धावले. एकाने स्पीकरचे बटण पिरगळले. दुसऱ्याने वायरी उपटून भलत्याच भोकांत खोचल्या. तिसऱ्याने पडद्यावर दिसेल त्या चित्रावर टिचकी मारली. चौथा म्हणाला, "सगळे पुसून टाकू आणि पुन्हा नव्याने भरू!" पाच मिनिटांत अशी अवस्था झाली, की मूळ बिघाड कोणता आणि यांनी नव्याने केलेला कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

तेवढ्यात संगणकाच्या बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना हात मागे घ्यायला लावले आणि वायरी पूर्वीच्या जागी बसवल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आवाज कोणत्या वाटेने येतो, ते कोणाला ठाऊक आहे?" कोणालाच ठाऊक नव्हते. बिघाड शोधण्याचे सारे शास्त्र त्या एका प्रश्नात आहे. चला, ती वाट आधी पाहू.

आकड्यांची मिरवणूक

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. संगणकाला दाब कळत नाही; त्याला कळतात फक्त आकडे. म्हणून आवाज साठवताना त्या चढउतारांची उंची पुन्हापुन्हा मोजतात आणि मापे ओळीने लिहून ठेवतात. संगीताच्या सीडीवर एका सेकंदात ४४,१०० मापे असतात. एवढी कशाला? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. एखादे कंपन मापांतून नीट पकडायचे, तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. ४४,१०० हा आकडा ४०,००० पेक्षा थोडा जास्त आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात, म्हणजे त्याला ६५,५३६ वेगवेगळ्या उंचींपैकी एक देता येते. डाव्या आणि उजव्या कानाची मापे वेगळी. आता गुणाकार करा: ४४,१०० × १६ × २ = १४,११,२००. म्हणजे एक सेकंद संगीत वाजवायला चौदा लाखांहून अधिक बिटे, एकही न चुकता, एकामागोमाग एक पुढे सरकावी लागतात. केवढी ही मिरवणूक! ती वाटेत कुठेही अडली, की स्पीकर गप्प बसतो.

वाटेवरची पाच ठाणी

या वाटेवर मुख्यतः पाच ठाणी आहेत.

पहिले ठाणे म्हणजे आवाज निर्माण करणारा प्रोग्रॅम. तो गाणी वाजवणारा असेल किंवा आपल्या गोष्टीतल्यासारखा पडदा-वाचक असेल.

दुसरे ठाणे म्हणजे ध्वनि-सेवक. हा वाहतुकीच्या पोलिसासारखा असतो. एकाच वेळी चार प्रोग्रॅमना बोलायचे असते. ते सगळे आवाज एकत्र करणे, प्रत्येकाचा चढउतार सांभाळणे आणि मिश्रण कोणत्या दाराने बाहेर पाठवायचे ते ठरवणे, ही त्याची कामे.

तिसरे ठाणे म्हणजे चालक, अर्थात ड्रायव्हर. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, तो राहतो आणि यंत्राला त्याच्या भाषेत हुकूम देतो.

चौथे ठाणे म्हणजे संगणकातील ध्वनीची चिप. आकड्यांचे विजेच्या दाबात रूपांतर करण्याचे काम तिचे.

पाचवे ठाणे म्हणजे वायर आणि स्पीकर. येथे विजेची पुन्हा हवेतली कंपने होतात आणि आपल्याला शब्द ऐकू येतो.

ही ठाणी एका दिवसात उभी राहिलेली नाहीत. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा १९९१ साली लिहायला घेतला. तेव्हा त्याला आवाज नव्हता. १९९२ साली हान्नू साव्होलाइनेन यांनी त्यासाठी ध्वनीचा चालक लिहिला. १९९८ साली यारोस्लाव्ह किसेला यांनी 'अल्सा' या नव्या रचनेचे काम सुरू केले. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या गाभ्याच्या २.६ या आवृत्तीत अल्सा रुळली. आजही तिसऱ्या ठाण्यावर अल्साच आहे. दुसऱ्या ठाण्यावर २००४ साली लेनार्ट पोटरिंग यांचा 'पल्सऑडिओ' आला. पुढे विम टायमन्स यांचा 'पाइपवायर' आला, आणि एप्रिल २०२१ मधील 'फेडोरा ३४' या लिनक्सच्या वाणात आवाजाचे काम त्याच्याकडे सोपवले गेले. आता अनेक वाणांत पाइपवायरच हे ठाणे सांभाळतो. मात्र पल्सऑडिओसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्याच्याशी पूर्वीसारखेच बोलू शकतात. जुने मोडू नये, याची काळजी कर्त्यांनी घेतली आहे.

मधोमध विचारा

वाट कळली. आता बिघाड कसा शोधायचा? तुमच्या घरी गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येते, असे समजा. नळ कोरडा पडला. प्लंबर काय करतो? तो टाकीपासून एकेक फूट नळी फोडत येत नाही. मधला एखादा सांधा तो सैल करून पाहतो. तिथे पाणी आले, तर वरची अर्धी नळी निर्दोष, बिघाड खाली. पाणी नाही आले, तर बिघाड वर. एका प्रश्नात अर्धी वाट बाद झाली! उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधोमध पाहायचे.

या युक्तीची ताकद आकड्यांत पाहा. वाटेत ३२ जागा असतील आणि त्यांतली एकच बिघडलेली असेल, तर एका टोकापासून तपासत जाताना ३१ वेळा पाहण्याची पाळी येऊ शकते. निम्मे निम्मे करीत गेलात, तर ३२ चे १६, १६ चे ८, मग ४, मग २, मग १. पाच प्रश्नांत चोर सापडतो.

आधी हात आणि डोळे

मात्र पडद्याला हात लावण्यापूर्वी पाचवे ठाणे पाहून घ्यावे, कारण त्याला फार वेळ लागत नाही. स्पीकरला वीज मिळते आहे का? त्याचा दिवा लागला आहे का? आवाजाचे बटण शून्यावर तर नाही? वायर योग्य भोकात आहे का? डेस्कटॉप संगणकाच्या मागे बहुधा रंगीत भोके असतात. फिकट हिरवे स्पीकरचे, गुलाबी मायक्रोफोनचे आणि फिकट निळे बाहेरून आवाज आत घेण्याचे. गुलाबी भोकात स्पीकर खोचून अर्धा दिवस डोके खाजवणारे लोक काही थोडेथोडके नाहीत!

स्पीकरच बिघडला असेल तर? तो काढून, तसे भोक असलेल्या मोबाइलला किंवा रेडिओला जोडा. तिथे बोलला, तर स्पीकर आणि वायर दोन्ही निर्दोष. बाईंनी हेच केले. मोबाइलवर लावलेले गाणे शाळेच्या स्पीकरमधून खणखणीत वाजले. पाचवे ठाणे सुटले.

पट्टी हलते की नाही?

आता वाटेचा मध्य. लिनक्सवर 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. दुसऱ्या ठाण्यावर पाइपवायर असला तरी तो चालतो. त्यात 'प्लेबॅक' हे पान उघडा आणि एखादे गाणे सुरू करा. वाजणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची तिथे एक ओळ दिसते आणि तिच्याखाली एक पट्टी असते. आवाज येत असेल तर ती पट्टी थरथरते.

पट्टी थरथरतच नाही, किंवा प्रोग्रॅमची ओळच दिसत नाही, तर बिघाड वरच्या अंगाला आहे. मग पाहायचे, की त्या प्रोग्रॅमचा स्वतःचा आवाज बंद तर नाही? दुसऱ्या प्रोग्रॅमने तीच फाइल वाजते का? त्याच प्रोग्रॅमने दुसरी फाइल वाजते का? या दोन प्रश्नांत फाइल वाईट की प्रोग्रॅम, ते कळते. कोणताच प्रोग्रॅम दिसत नसेल, तर ध्वनि-सेवकच अडकून बसला असण्याची शक्यता आहे. लॉग आउट करून पुन्हा आत आल्यावर तो बहुधा नव्याने सुरू होतो. आणखी एक नामी परीक्षा आहे. संगणकावर नवे खाते उघडून त्यात आवाज येतो का ते पाहा. तिथे आला, तर यंत्र आणि चालक ठीक; जुन्या खात्यात साठलेल्या मांडणीतच काही बिघडले आहे.

उलट, पट्टी छान थरथरते आणि तरी कानाला काही येत नाही, तर आवाज दुसऱ्या ठाण्यापर्यंत सुखरूप पोचला आहे. आता शोध पुढच्या वाटेवर घ्यायचा.

बाईंनी ऑर्काला बोलते केले. पट्टी झोकात थरथरू लागली! मुले आश्चर्याने पाहतच राहिली. म्हणजे संगणक सकाळपासून बोलतच होता. फक्त त्याचे बोलणे वाटेत कुठेतरी हरवत होते.

मुके कार्ड आणि चुकीचे दार

खालच्या अंगाला तीन गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली गोष्ट, कार्ड सापडले आहे का? आवाजाच्या सेटिंगमध्ये बाहेर जाण्याचे दार म्हणून 'डमी आउटपुट' एवढेच दिसत असेल, तर समजावे की ध्वनि-सेवकाला एकही खरे कार्ड मिळालेले नाही. त्याने नुसते लुटुपुटीचे दार उभे केले आहे. अशा वेळी चालकाकडे चौकशी करावी. टर्मिनलमध्ये 'एप्ले' ही आज्ञा यादीच्या पर्यायासह दिली, की गाभ्याला ठाऊक असलेली सर्व कार्डे दिसतात. यादी रिकामी आली, तर गाभ्याची रोजनिशी वाचावी. कोणता चालक कुठे अडला, ते तीत नोंदलेले असते. कधीकधी संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत ध्वनीची चिप बंद करून ठेवलेली असते. मग लिनक्सला ती दिसणार तरी कशी?

दुसरी गोष्ट, कार्ड मुके तर नाही? अल्साची एक जुनी सवय आहे. नवे कार्ड प्रथम दिसते तेव्हा ती त्याचे आवाज बंद ठेवते, म्हणजे एकदम कर्कश आवाज होऊन कानाला इजा होऊ नये. बहुतेक वाण पुढे ते आपोआप उघडतात, पण एखादे उघडायचे राहून जाते. यासाठी टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' सुरू करावा. तिथे उभे खांब दिसतात. एफ-सहा ही कळ दाबून खरे कार्ड निवडावे. खांबाच्या तळाशी 'एम' हे अक्षर दोनदा दिसले, तर तो खांब मुका आहे असे समजावे. त्यावर जाऊन 'एम' हीच कळ दाबली, की त्याला वाचा फुटते.

तिसरी गोष्ट, दार कोणते निवडले आहे? आजच्या संगणकाला आवाजाची अनेक दारे असतात. मागचे हिरवे भोक, पुढचे हेडफोनचे भोक, यूएसबीवरचा हेडफोन, शिवाय एचडीएमआयची वायर. ही वायर मॉनिटरकडे चित्राबरोबर आवाजही नेऊ शकते. म्हणून संगणक मॉनिटरलाही एक स्पीकर मानतो. मॉनिटरमध्ये स्पीकर असो वा नसो!

बाईंनी 'आउटपुट डिव्हायसेस' हे पान उघडले. तिथे दोन दारे होती आणि निवडीची खूण एचडीएमआयवर होती. त्यांनी वळून विचारले, "या संगणकाला काल नवे काय जोडले?" एक मुलगा म्हणाला, "बाई, काल संध्याकाळी जुना मॉनिटर काढून नवा बसवला. पण त्याचा आवाजाशी काय संबंध?" बाईंनी खूण दुसऱ्या दारावर सरकवली. त्याच क्षणी स्पीकरमधून ऑर्काचे शब्द ऐकू आले. आवाज सकाळपासून नव्या मॉनिटरकडे जात होता आणि त्या मॉनिटरला तोंडच नव्हते. सुटे बटण पिरगळून किंवा सगळे पुसून हे कधी कळले असते का?

आवाज येतो, पण फाटका

कधीकधी आवाज हरवत नाही, पण कडकड करतो, तुटत तुटत येतो. याचे कारण वेगळे असते. ध्वनीची चिप क्षणभरही थांबत नाही. तिला ठरावीक वेगाने मापे हवीच असतात. प्रोसेसर मात्र दहा कामांत गुंतलेला असतो. म्हणून मध्ये एक छोटी टाकी ठेवलेली असते, तिला 'बफर' म्हणतात. प्रोसेसर ती थोड्या थोड्या वेळाने भरतो आणि चिप सारखी उपसत राहते. समजा, एका भरण्यात १,०२४ मापे पडतात आणि चिप सेकंदाला ४८,००० मापे उपसते. भागाकार करा: ते भरणे सुमारे २१ सहस्रांश सेकंद पुरते. तेवढ्या वेळात पुढचे भरणे आले नाही, की टाकी कोरडी पडते आणि आपल्याला 'कट्' असे ऐकू येते. उपाय दोन: प्रोसेसरवरचा भार कमी करणे किंवा टाकी मोठी करणे. पण टाकी मोठी केली, की आवाज उशिरा बाहेर पडतो. गाणे ऐकताना ते कळत नाही. पडदा-वाचक वापरणाऱ्याला मात्र कळ दाबल्यावर उत्तर उशिरा आले, तर ते जाणवते.

आवाज चढ्या पट्टीत आणि घाईघाईने येत असेल, तर मापांचा वेग चुकला आहे. सेकंदाला ४४,१०० मापांनी साठवलेला आवाज ४८,००० च्या वेगाने उपसला, तर तो सुमारे नऊ टक्के जलद वाजतो. म्हणजे बिघाडाचा आवाजसुद्धा आपल्याला काही सांगत असतो. ऐकणाऱ्याला फक्त त्याचा अर्थ कळला पाहिजे.

तीन नियम

बाईंनी मुलांना शेवटी तीन नियम वहीत लिहून घ्यायला लावले. तुम्हीही लिहून ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि आवाज आला, तर कोणत्या गोष्टीने आला हे कळत नाही.

बदल उपयोगी पडला नाही, तर तो पूर्ववत करा. नाहीतर एका बिघाडाचे तीन होतात.

काय पाहिले आणि काय केले, ते लिहून ठेवा. बिघाडाच्या आदल्या दिवशी नवे काय घडले, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारा.

येथे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचा एक गुण सांगायला हवा. अशा सॉफ्टवेअरची मूळ लिखावट सर्वांसाठी खुली असते. कोणीही ती वाचावी, तपासावी, सुधारावी. म्हणून या वाटेवरच्या प्रत्येक ठाण्याला एक खिडकी आहे. खूण एचडीएमआयवर का गेली, याचे उत्तर हवे असेल, तर तो निर्णय घेणारी ओळ आपण प्रत्यक्ष वाचू शकतो. आणि खरोखर सॉफ्टवेअरचाच दोष सापडला, तर वहीतली नोंद कर्त्यांकडे पाठवता येते. 'आवाज येत नाही' एवढेच कळवणाऱ्याला मदत करणे कठीण. 'पट्टी हलते, कार्ड यादीत आहे, नव्या खात्यातही येत नाही' असे कळवणाऱ्याने मात्र अर्धे काम आधीच केलेले असते.

राहिला एक प्रश्न. समजा, त्या सकाळी ती मुलगी एकटीच असती तर? पट्टी हलते की नाही, हे ती पाहणार कशी? तिच्यासाठी युक्ती अशी, की दप्तरात एक यूएसबीचा हेडफोन ठेवावा. अशा हेडफोनमध्ये ध्वनीची स्वतःची चिप असते. म्हणजे चौथे आणि पाचवे ही दोन्ही ठाणी तो बरोबर घेऊन येतो. तो जोडला, की बहुधा प्रणाली आवाज त्याच्याकडे वळवते. मग डेस्कटॉपच्या 'आल्ट', 'सुपर' आणि 'एस' या कळा एकत्र दाबून ऑर्का बंद करून पुन्हा चालू करता येतो. गनोम या मांडणीत या कळांचे काम तेच आहे. संगणक कानाशी बोलू लागला, की उरलेली चौकशी तिची तिला करता येते.

आपल्या गोष्टीतल्या मुलीचा निबंध त्या दिवशी वेळेवर पुरा झाला. आणि मधल्या सुट्टीत आवाजाची पाच ठाणी वर्गाला समजावून सांगितली, ती तिनेच.

करून पाहा: सीडीच्या प्रतीचे एक मिनिट संगीत साठवायला किती बाइट लागतील? (८ बिटे म्हणजे १ बाइट.) उत्तर १,०५,८४,००० आले, तर तुमचा गुणाकार बरोबर आहे. मग आपल्या घरातल्या रेडिओच्या किंवा दूरदर्शन संचाच्या आवाजाची वाट कागदावर काढा आणि तो गप्प झाला, तर पहिला प्रश्न कुठे विचाराल, तिथे खूण करा.